चार बोटं आणि एक अंगठा

दिवाळीच्या सुट्टीत माझी बारा वर्षांची भाची आणि कॉलेजात जाणारा माझा मुलगा गच्चीवर मस्ती करत होते. त्याने तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "सोडव बघू." तिने जीव खाऊन हिसके दिले आणि शेवटी रडकुंडीला आली. हळद लावायला हात पुढे घेतला तेव्हा वळ दिसले. मनगटाच्या एका अंगाला चार, दुसऱ्या अंगाला एकच.

हात कुठून सुटेल हे त्या वळांवरूनच कळतं. चार बोटं एका बाजूने मिळून आवळतात, त्यांच्या समोर अंगठा एकटा असतो. अंगठ्याचं टोक आणि बोटांची टोकं जिथे भेटतात तिथे या कड्याचा सांधा असतो. कडं तुटायचं असेल तर तिथेच तुटेल.

घाबरलेला माणूस मात्र हात सरळ मागे ओढतो. हे का जमत नाही, ते बांगड्या भरताना कासाराकडे बघा. तो आधी अंगठा आत दुमडतो, पंजा दाबून अरुंद करतो, तेव्हा कुठे बांगडी चढते, कारण पंजा मनगटापेक्षा रुंद असतो. धरलेला हात मागे खेचणं म्हणजे घट्ट बांगडी तशीच ओढून काढणं. ती पंजाशी येऊन अडकणारच.

म्हणून ओढायच्या आधी वळवायचं. मनगटाशी कोपरापासून आलेली दोन हाडं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे ते काठीसारखं गोल नसून पट्टीसारखं चपटं असतं. त्या पट्टीची बारीक कड पकडीच्या सांध्याकडे आणायची, म्हणजे फट लहान असली तरी पुरते. आणि हात मागे न्यायच्या ऐवजी आपण समोरच्याच्या दिशेने पाऊल टाकायचं, आपलं कोपर त्याच्या कोपराकडे ढकलायचं. पहारीने दगड उचकटताना जे होतं तेच इथे होतं. त्याची मूठ हा टेकू, आपला कोपरापर्यंतचा हात ही पहार. कोपर वीतभर सरकलं की मनगट अंगठ्यावर थोडंसंच सरकतं, पण जोर कितीतरी वाढतो. तो जोर एकट्या अंगठ्याला पेलत नाही. त्यात आपलं वजन आणि कंबरेचा झोकाही मिळतो, नुसता दंड लढत नाही.

आता वाचता वाचता एक प्रयोग करा. हातात पेन्सिल घट्ट धरा. मग मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण दुमडा. मूठ सैल पडली ना? बोटं मिटवणारे मुख्य स्नायू पंजात नसतात, ते कोपराखाली असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या स्नायुबंधांनी बोटं ओढतात. मनगट दुमडलं की या दोऱ्या सैल होतात आणि पंजाच्या पाठीवरच्या दोऱ्या ताणून बोटं उघडू बघतात. पकडणाऱ्याचं मनगट असं वाकलं की त्याची मूठही ढिली होते, मग तो कितीही धिप्पाड असो. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते म्हणतात, ती शरीराच्या अशाच बांधणीत दडलेली असते.

दोन्ही हातांनी एकच मनगट धरलं तर मोकळ्या हाताने आपलीच मूठ पकडायची आणि जिकडे त्याचे अंगठे असतील तिकडे, सहसा वर, पाठ आणि पायांच्या जोरावर उपसायची. केस धरले तर त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावरच दाबून ठेवायचा, म्हणजे हिसका मुळांपर्यंत कमी पोचतो.

गळ्याची गोष्ट वेगळी. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपू शकते, त्यामुळे तिथे विचाराला वेळ नसतो. हनुवटी छातीशी दाबायची, एक हात सरळ वर उचलून खांद्यासकट अख्खं अंग गर्रकन वळवायचं. आणि गळा दाबला गेला असेल तर बाहेर काही दिसत नसलं तरी डॉक्टरांकडे जायलाच हवं. आतली सूज किंवा धमनीची इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनीही उघड होते. हे मी कळकळीने सांगते.

सगळं माहीत असूनही शरीर थिजू शकतं. अतिभीतीत हातपाय न हलणं ही मेंदूची आपोआप होणारी क्रिया आहे, त्यात संमती नसते आणि भित्रेपणाही नसतो. जोरात ओरडल्याने निदान अडकलेला श्वास सुटतो. अशा वेळी बोटांची नाजूक कामं बिघडतात, म्हणून दोनच ढोबळ हालचाली शिकाव्यात, पण शंभरदा कराव्यात.

शिकून फरक पडतो का? कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास 2015 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. 12 तासांचं प्रशिक्षण मिळालेल्या गटात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण 5.2 टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात 9.8 टक्के. त्या प्रशिक्षणात हात सोडवणं हा एक भाग होता. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं आणि भिडेखातर गप्प न बसणं, यावरही तितकाच भर होता. म्हणून मुलींना आपण घरात "मोठ्यांना उलट बोलू नये" एवढंच शिकवतो, ते मला खटकतं.

संध्याकाळी मुलाने पुन्हा मनगट धरलं, या वेळी मी सांगितलं म्हणून. पहिल्यांदा ती सवयीने मागेच खेचत राहिली. दुसऱ्यांदा वळवलं, पण पाऊल विसरली. तिसऱ्यांदा पुढे आली, कोपर त्याच्या कोपरावर आपटलं आणि हात सुटला. सुटल्यावर ती तिथेच उभी राहून हसायला लागली. "पळ!" मी ओरडले. चौथ्यांदा ती जिन्यापर्यंत पळाली.