रात्री सुकाणू कोण धरणार? शिडाच्या बोटीवरच्या संसाराची पार्श्वभूमी

गालापागोस ते मार्केसास बेटं या टापूत पॅसिफिक महासागराचं सुमारे 3,000 सागरी मैल नुसतं पाणी आहे. पस्तीस-चाळीस फुटी शिडाची बोट वारा बरा असेल तर दिवसाला 120-140 मैल कापते, म्हणजे तीन-चार आठवड्यांचा मुक्काम पाण्यावरच. व्यापारी वारे पाठीशी असतात म्हणून जगप्रदक्षिणेला निघालेली बरीच कुटुंबं आज याच वाटेनं जातात. आई, बाबा, दोन मुलं. नांगर टाकावा तर तळ काही किलोमीटर खाली. रात्र झाली म्हणून बोट थांबत नाही, चोवीस तास कोणीतरी सुकाणूवर हवंच. त्यातच स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, फाटलेल्या शिडाची शिलाई आणि झोप. दोन मोठ्या माणसांत हा हिशेब बसत नाही, आणि तो बसवायला जवळजवळ शतक गेलं.

श्रीमंतांनी आधी सोपा उपाय काढला: माणसं ठेवली. इंग्लंडच्या ब्रासी कुटुंबानं 1876-77 मध्ये ‘सनबीम’मधून मुलाबाळांसह पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडांच्या जोडीला वाफेचं इंजिन होतं आणि जहाजावर चाळीसच्या वर माणसं. अ‍ॅना ब्रासी रोजनिशी लिहू शकल्या, कारण सुकाणू, चूल आणि कपडे दुसऱ्यांच्या हाती होते. हीच ‘सनबीम’ 1887 मध्ये मुंबईलाही आली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ऑस्ट्रेलियाहून परतताना, अ‍ॅना समुद्रातच वारल्या.

पैसा नसलेल्यांची गोष्ट जोशुआ स्लोकमपासून सांगावी लागते. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, पण त्याआधी तो मालवाहू जहाजाचा कप्तान होता आणि त्याचा संसार जहाजावरच चालायचा. 1887 च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचं जहाज फुटलं. तेव्हा त्यानं तिथेच 35 फुटी ‘लिबरदादे’ बांधली. शिडं दुसरी बायको हेटी हिनं शिवली. मोठा मुलगा व्हिक्टर सोळा वर्षांचा, धाकटा गारफील्ड सात. ही चार माणसं सुमारे साडेपाच हजार मैल कापून 1888 मध्ये अमेरिकेला पोचली. पुढे ज्या ‘स्प्रे’ बोटीतून स्लोकमनं एकट्यानं प्रदक्षिणा केली, तिच्यावर हेटी काही गेली नाही. मला तरी त्यात नवल वाटत नाही.

‘स्प्रे’ मात्र या कथेत महत्त्वाची आहे. ती इतकी तोलदार होती की सुकाणू बांधून ठेवलं तरी वाट सोडत नसे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपर्यंत 2,700 मैल तिनं 23 दिवसांत काटले, आणि त्यात आपण सुकाणूपाशी जेमतेम तीन तास होतो, असं स्लोकमनं नोंदवलंय. पण अशी बोट नशिबानंच मिळते. नॉर्वेचा अर्लिंग टॅम्ब्स 1928 मध्ये बायकोसह ‘टेडी’वरून निघाला, वाटेत मूल झालं, तरी संसार पुढे चालू राहिला. 1932 मध्ये न्यूझीलंडजवळ बोट खडकावर गेली. माणसं वाचली, घर गेलं.

1930 च्या सुमारास पुढच्या बाजूला दोन जुळी शिडं लावून त्यांचे दोर सुकाणूला जोडायची युक्ती निघाली. ती वारा पाठीमागून असेपर्यंतच चाले. खरा फरक पडला 1960 मध्ये. त्या वर्षी अटलांटिक ओलांडण्याची एकट्यांची पहिली शर्यत झाली. ती जिंकलेल्या फ्रान्सिस चिचेस्टरच्या आणि दुसऱ्या आलेल्या ब्लाँडी हॅस्लरच्या बोटीवर वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र होतं. हॅस्लरनं त्याचा जो नमुना पक्का केला, त्याच तत्त्वावरची यंत्रं आजही दिसतात. बोटीच्या मागच्या टोकाला एक हलकी पाती वाऱ्याच्या रोखानं उभी करतात. बोट वाकडी वळली की वारा पातीला कलवतो. त्या हालचालीनं पाण्यात सोडलेलं दुसरं पातं किंचित फिरतं, वाहतं पाणी त्याला जोरानं बाजूला लोटतं आणि त्याला बांधलेले दोर सुकाणूचा दांडा ओढतात. इशारा वाऱ्याचा, ताकद पाण्याची, वीज शून्य. एकच गोम: यंत्र दिशा धरत नाही, वाऱ्याशी असलेला कोन धरतं. वारा फिरला की बोटही गुपचूप फिरते, म्हणून होकायंत्राकडे अधूनमधून बघावंच लागतं. भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी 2022-23 च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरे आले, तेव्हा याच यंत्राच्या दुरुस्तीसाठी त्यांनी बोटीवरच्या शौचालयाचं दार कामी आणलं होतं.

हे यंत्र आलं आणि घरातलं एक माणूस मोकळं झालं. दोघं तीन-तीन तासांच्या पाळ्या लावू लागली, सकाळ मुलांच्या वाट्याला आली. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट स्कूलनं 1906 मध्येच टपालानं घरपोच शिक्षण सुरू केलं होतं. पुढे त्याच पुस्तकांची खोकी कित्येक बोटींवर चढली. दुपारी बाराला सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणानं सूर्याची उंची घ्यायची आणि बोट कुठे आहे ते काढायचं, हा गणिताचा तास. जीपीएस आल्यावर तो ऐच्छिक झाला, याची थोडी हळहळ वाटते. चूल झुलती असते, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. प्रेशर कुकर या मंडळींचा लाडका, कारण लाट आली तरी घट्ट बसलेल्या झाकणातून आमटी सांडत नाही. कोबी, कांदे, बटाटे जाळीत टांगायचे. अंडी न धुतलेली घ्यायची आणि दर दोन-चार दिवसांनी उलटायची.

पाण्याचा प्रश्न उशिरा सुटला. भांडी खाऱ्या पाण्यात, आंघोळही त्याच पाण्यात आणि पावसाच्या पहिल्या सरीनं शिडावरचं मीठ धुतलं गेलं की मग पाणी साठवायचं, असा शिरस्ता होता. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी 1959 च्या सुमारास खारं पाणी गोडं करणारं पातळ पटल बनवलं. त्यावर चालणारी बोटीजोगी छोटी यंत्रं बाजारात यायला 1980 चं दशक उजाडलं.

तोवर 1972 मध्ये रॉबर्टसन कुटुंबाचा प्रसंग घडून गेला होता. गालापागोसच्या पश्चिमेला ऑर्कांनी (किलर व्हेल) त्यांची ‘लुसेट’ बोट फोडली. सहा माणसं, त्यांत जुळी लहान मुलं, 38 दिवस आधी तराफ्यावर आणि मग छोट्या डिंगीत पावसाचं पाणी आणि कासवाचं मांस यांवर तगली. शेवटी एका जपानी मच्छीमार बोटीनं त्यांना उचललं.

1972 मध्येच समुद्रातली टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यातल्या पाचव्या नियमानुसार प्रत्येक जहाजावर सतत कोणीतरी नजर ठेवून असायलाच हवं, आणि शिडाच्या बोटीला त्यातून सूट नाही. सुकाणूयंत्र, उपग्रह, इंटरनेट सगळं असूनही रात्री अकरा ते दोनची पाळी म्हणूनच टिकून आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की दिवसाची एखादी पाळी तिला देतात, आणि बाबा तेवढ्या वेळात झोपून घेतात.