१७ सप्टेंबर: ‘पोलीस ॲक्शन’ की मुक्ती?

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना जन्मसाल विचारले तर आकडा क्वचितच मिळायचा. ‘पोलीस ॲक्शनच्या वर्षी मी पाळण्यात होतो’, ‘रझाकारीत आम्ही शीव ओलांडून बार्शीला गेलो’, अशी उत्तरे यायची. पोलीस ॲक्शन म्हणजे सप्टेंबर १९४८ मधली हैदराबाद संस्थानावरची भारतीय सैन्याची कारवाई, आणि रझाकार म्हणजे तिथल्या निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना. झेंडावंदनाच्या निमंत्रणावर मात्र ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ असे छापलेले असते. दिवस एकच, पण एक शब्द दिल्लीने दिलेला आणि दुसरा लढलेल्यांनी धरून ठेवलेला. हा घोळ निव्वळ शब्दांचा नाही. मराठवाडा ज्याच्या राज्यात होता त्या राजाविरुद्धचा, म्हणजे हैदराबादच्या निजामाविरुद्धचा, हा लढा नेमका कुठे संपला, हा प्रश्न त्यात अडकलेला आहे.

सुरुवातीला राजा हटवा अशी मागणीच नव्हती. परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती, त्यासाठी ‘गश्ती निशाण ५३’ हे सरकारी परिपत्रक होते. शिक्षण उर्दूतून होते आणि वाचनालय काढले तरी संशय घेतला जाई. १९३७ साली परतूरला मराठी भागाच्या परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, तेव्हा भाषा अर्जविनंतीचीच होती. पुढच्या वर्षी उभी राहिलेली राजकीय संघटना, हैदराबाद स्टेट काँग्रेस, हीसुद्धा निजामाच्या आसफजाही घराण्याच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती मागत होती. एवढ्यावरही, ती रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. त्याच हिवाळ्यात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूरने आसरा दिला. विनंतीची भाषा सुटत गेली ती या काळात. बंदी उठायला १९४६ उजाडले.

१५ ऑगस्टला आपण स्वतंत्र होणार, असे राजाने जून १९४७ मध्ये जाहीर केले आणि मागणी बदलली. आता विलीनीकरणाखेरीज दुसरे बोलणे नव्हते. शिंदीची झाडे तोडून अबकारीचे उत्पन्न बुडवले गेले, करोडगिरीची (जकातीची) नाकी जाळली गेली, वकिलांनी कोर्टाची पायरी सोडली. २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्लीने राजाशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार केला, तेव्हा आत लढणाऱ्यांना आपल्याला वाऱ्यावर सोडल्यासारखे वाटले, आणि ते वाटणे चुकीचे नव्हते. करारानंतर भारतीय फौज सिकंदराबादहून निघून गेली आणि गावोगाव रझाकारांना मोकळे रान मिळाले. मग सरहद्दीच्या अलीकडे, भारताच्या हद्दीत, सोलापूरपासून उमरखेडपर्यंत, सशस्त्र कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ ला कॅम्पवाल्यांनी उमरीची बँक लुटली, ती लढ्याला पैसा हवा म्हणून. पूर्वेकडे तेलंगणात देशमुख जमीनदारांविरुद्ध शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव आधीपासूनच पेटला होता. तो सप्टेंबरनंतरही थांबला नाही, १९५१ पर्यंत चालला.

१३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने रणगाडे आत आले. पाच दिवसांत सगळे आटोपले. सैन्याच्या या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हणायचे कारण सरळ होते. राजाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे फिर्याद नेली होती. युद्ध म्हटले असते तर हैदराबाद हे वेगळे राष्ट्र होते असे मान्य केल्यासारखे झाले असते. शब्द कायद्याच्या सोयीचा होता. पण त्याने एक अन्यायही केला. दहा वर्षे तुरुंगात, कॅम्पात, परागंदा होऊन काढलेल्यांचे श्रेय त्या शब्दात कुठेच बसत नाही, सगळे दिल्लीने केले असे वाटते. म्हणूनच ‘मुक्तिसंग्राम’ या शब्दासाठी लोक हट्टाने भांडले, आणि ते भांडण मला रास्त वाटते.

तरीही ‘मुक्ती’ हा शब्द प्रत्येक घरात सारखा उच्चारता येत नाही. कारवाईनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांची मोठी कत्तल झाली. सरकारनेच पाठवलेल्या शिष्टमंडळाने मृतांचा आकडा २७ ते ४० हजार धरला. तो अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. रझाकारांचे अत्याचार गावोगाव सांगितले जातात. हे मात्र दबक्या आवाजातही फारसे कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवे.

नावाचा वाद अजून मिटलेला नाही. महाराष्ट्रात मराठवाड्यापुरते नाव लावून आपण लढा आठ तेलुगू आणि तीन कानडी जिल्ह्यांपासून तोडला. २०२२ साली हैदराबादेत केंद्राने ‘मुक्ती दिन’ पाळला, तर तिथल्या राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’.

या साऱ्या गलबल्यात सर्वांत वादग्रस्त निर्णय मागे पडतो. ज्याच्याविरुद्ध लढा झाला, तो राजा गादीवरून उतरलाच नाही. लष्करी गव्हर्नरचा कारभारही राजाच्याच फर्मानाने चालला. सुरक्षा समितीतली फिर्याद मागे घ्यायला राजाचीच सही हवी होती आणि ती मिळाली. त्याची भरपाई मोठी होती. १९४९ मध्ये खासगी मालकीचा सर्फ-ए-खास मुलूख सरकारजमा झाला आणि जहागिऱ्या संपल्या, पण वर्षाला ५० लाखांचा तनखा ठरला, आणि २६ जानेवारी १९५० ला, देश प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी, हाच राजा राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख, झाला. समर्थक म्हणत की त्यामुळे सत्तांतर शांतपणे झाले, मुसलमान प्रजेला धीर मिळाला, कायद्याची साखळी तुटली नाही. यात तथ्य आहे. पण १९५२ च्या निवडणुकीनंतर, राजाच्या तुरुंगात राहून आलेल्या माणसांना मंत्रिपदाची शपथ त्याच राजासमोर घ्यावी लागली. लढणाऱ्यांना विचारून हे ठरले नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच दिवशी देशभरातले राजप्रमुखपदही रद्द झाले. निजामाचे शेवटचे सरकारी पद गेले ते तेव्हा, १७ सप्टेंबरनंतर आठ वर्षांनी. त्या तारखेला मराठवाड्यात कुठे झेंडा लागत नाही.