नळाच्या पाण्यात अमोनिया दिसला तर

माशांच्या टाकीचं पाणी बदललं, टाकी लखलखीत दिसायला लागली आणि तासाभराने चाचणी घेतली तर माशांना विषारी असलेला अमोनिया आधीपेक्षा वाढलेला! अशी तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी तोवर फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतलेला असतो आणि घाबरून पुन्हा एकदा निम्मं पाणी बदललेलं असतं. अमोनिया नळातूनच येत असेल तर या दोन्ही उपायांनी दुखणं वाढतं. स्पंजमधले अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू धुऊन जातात आणि नव्या पाण्याबरोबर अमोनियाचा नवा हप्ता टाकीत येतो.

म्हणून टाकीचं पाणी तपासाल तेव्हा नळाचं पाणीही तपासा. दोन परीक्षानळ्या, शेजारी शेजारी. टाकीत ० आणि नळात ०.५ आलं, तर तुमचा फिल्टर उत्तम चालला आहे आणि काळजी फक्त पाणी बदलतानाच्या काही तासांची आहे. टाकीत नळापेक्षा जास्त आलं, तर अमोनिया टाकीतच तयार होतोय. मग जास्तीचं खाणं, मेलेला मासा, न मुरलेला फिल्टर (म्हणजे ज्यात हे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नाहीत असा) यांकडे बघायला हवं. तो वेगळा विषय आहे.

नळात अमोनिया येतो कुठून?

नुसतं क्लोरीन पाण्यात फार काळ टिकत नाही. लांब पाइपलाइनच्या शेवटच्या घरापर्यंत पाणी निर्जंतुक राहावं म्हणून अनेक पाणीपुरवठा यंत्रणा क्लोरीनमध्ये मोजून अमोनिया मिसळतात. त्यातून क्लोरामाइन तयार होतं. प्यायला ते चालतं, कारण आपल्या पचनसंस्थेत ते निकामी होतं. माशाच्या बाबतीत मात्र ते कल्ल्यांतून थेट रक्तात जातं.

पाणी बादलीत रात्रभर ठेवायची जुनी सवय क्लोरीनसाठी ठीक होती. क्लोरामाइन असं उडून जात नाही. साधं अँटिक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरामाइनमधल्या क्लोरीनचा बंदोबस्त करतं, पण त्याला जोडलेला अमोनिया पाण्यातच मोकळा सुटतो. पाण्यात २ पीपीएम क्लोरामाइन असेल तर मागे साधारण अर्धा पीपीएम अमोनिया उरतो. (पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम.) औषध टाकल्यावर अमोनिया ‘आला’ असं वाटतं, पण तो आधीपासूनच पाण्यात होता.

तुमच्याकडे क्लोरामाइन आहे का, हे क्लोरीनच्या चाचणीवरून कळतं. एकूण क्लोरीन बरंच आणि मुक्त क्लोरीन जवळपास शून्य, असं आलं तर क्लोरामाइन आहे असं समजा.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातही अमोनिया असू शकतो. जमिनीखाली ऑक्सिजन नसलेल्या थरांतल्या पाण्यात तो निसर्गतःच आढळतो. पण विहिरीच्या पाण्यात तो अचानक दिसायला लागला, तर सांडपाणी किंवा खत झिरपत असण्याची शक्यता असते. तेव्हा माशांच्या आधी घरच्या माणसांचा विचार करा आणि पिण्याच्या दृष्टीने पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्या.

आकडा कसा वाचायचा?

या पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

किट दाखवतं तो एकूण अमोनिया. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. दुसरा अमोनियम, जो त्या मानाने खूपच सौम्य आहे. कुठलं रूप किती, हे प्रामुख्याने पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर ठरतं. २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ७ पीएचला एकूण अमोनियातला जेमतेम ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साधारण ५.४ टक्के होतो आणि ८.५ ला १५ टक्क्यांच्या घरात जातो. पाणी गरम असेल तर आणखी वाढ होते. ३० अंशांना आणि ८ पीएचला तो साडेसात टक्क्यांच्या आसपास असतो.

आता हिशेब करू. नळात १ पीपीएम अमोनिया आहे, टाकी स्वच्छ आहे, पीएच ८ आहे, तापमान २५ अंश. चौथा हिस्सा पाणी बदललं तर टाकीत ०.२५ पीपीएम येईल. त्यातला विषारी भाग सुमारे ०.०१३. अर्धी टाकी बदलली तर विषारी भाग ०.०२७. मुक्त अमोनिया ०.०२ च्या आत ठेवावा असा माशांसाठीचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे एकाच नळाचं पाणी, एकच टाकी. पाव हिस्सा बदललात तर निभावतं, निम्मा बदललात तर मर्यादा ओलांडते. हीच टाकी ७ पीएचची असती, तर निम्मं पाणी बदलूनही विषारी भाग ०.००३ च्या आत राहिला असता.

म्हणूनच ‘अर्धा पीपीएम आला, मासे वाचतील का?’ असा फोन आला की आम्ही आधी पीएच विचारतो.

चाचणी घेताना परीक्षानळी नळाच्या पाण्याने विसळू नका. नळातच अमोनिया असेल तर नळीत राहिलेले दोन थेंबही रंग बदलतात. ज्या पाण्याची चाचणी करायची त्याच पाण्याने विसळा. थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंबांचा आकार बदलतो. किटवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा आणि रंग खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघा. पिवळसर दिव्याखाली पिवळा आणि फिका हिरवा यांत फरक करणं अवघड जातं. शंका वाटली तर डिस्टिल्ड वॉटरची एक नळी सोबत तपासा, म्हणजे तुमच्या किटचा ‘शून्य’ कसा दिसतो ते डोळ्यांना कळेल. किटचा आकडा अमोनियाचा आहे की अमोनियातल्या नायट्रोजनचा, हेही किटसोबतच्या पत्रकावर बघून घ्या. नायट्रोजनचा असेल तर १.२ ने गुणा.

पाणी बदलणं थांबवू नका

नळात अमोनिया आहे हे कळल्यावर काहीजण पाणी बदलणंच बंद करतात. ही सगळ्यात घातक प्रतिक्रिया. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली क्षारता (पीएच टिकवून धरणारे क्षार) खात राहतात आणि पीएच घसरत ६ च्या जवळ येतो. इतक्या आम्ल पाण्यात जिवाणूंचं कामही मंदावतं आणि अमोनियम साठत जातं. मासे वरवर ठीक दिसतात. मग एके दिवशी कोणीतरी ८ पीएचचं ताजं पाणी अर्ध्या टाकीत ओततो, पीएच झरकन वर जातो आणि साठलेलं अमोनियम विषारी अमोनियात बदलतं. संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड उघडमीट करत असतात. दोष नळाला दिला जातो, पण दारूगोळा टाकीतच साठलेला होता.

आमचा सल्ला असा. एकावेळी १५ ते २० टक्के पाणी बदला, पण नेमाने. क्लोरीन, क्लोरामाइन आणि अमोनिया या तिन्हींवर चालणारं कंडिशनर वापरा. बाटलीवर अमोनियाचा उल्लेख नसेल तर ते क्लोरामाइनच्या पाण्यासाठी अपुरं आहे. बादलीत पाणी तयार करत असाल तर बादलीतल्या पाण्यापुरती मात्रा पुरते. पाइप थेट टाकीत सोडत असाल तर आधी कंडिशनर टाका, आणि तेही पूर्ण टाकीच्या लिटरवर मोजून. एअर पंप चालू ठेवा.

असं कंडिशनर अमोनिया नाहीसा करत नाही. ते त्याला काही काळ, साधारण दिवसभर, निरुपद्रवी रूपात बांधून ठेवतं आणि तेवढ्यात मुरलेल्या फिल्टरमधले जिवाणू तो संपवतात. त्यामुळे कंडिशनर टाकल्यावरही किट अमोनिया दाखवत राहिलं तर पुन्हा डोस देऊ नका. अनेक किट बांधलेला आणि मोकळा अमोनिया एकत्रच मोजतात. दुसऱ्या दिवशी याच वेळेला चाचणी घ्या. तेव्हा शून्य आलं म्हणजे सगळं ठीक आहे. शून्य आलं नाही तर फिल्टर कमी पडतोय.

खरं काम शेवटी फिल्टरच करतो. त्याचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळा. तरंगत्या किंवा भराभर वाढणाऱ्या वनस्पती असतील तर उत्तमच, कारण त्या अमोनियम थेट उचलतात.

झिओलाइट, म्हणजे अमोनियम पकडून ठेवणारं खनिज, आम्ही विकतो, तरी प्रत्येकाला घ्यायला सांगत नाही. नळात सतत १ पीपीएमच्या वर अमोनिया येत असेल आणि पीएचही ८ च्या पुढे असेल, तर बादलीतच पाणी झिओलाइटमधून फिरवून घेणं फायद्याचं ठरतं. इतरांना त्याची गरज नाही. टाकीत मीठ टाकत असाल तर झिओलाइट अजिबात नको, कारण मिठाच्या पाण्यात ते पकडलेलं अमोनियम परत सोडून देतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तर ते चालतच नाही.

अमोनिया कमी करायला पीएच खाली आणणारी औषधं टाकू नका. पीएचची उलथापालथ माशांना थोड्या अमोनियापेक्षा जास्त त्रासदायक ठरते.

टाकी नवी असेल आणि मासे अजून सोडले नसतील, तर नळातल्या अमोनियाची चिंताच नको. जिवाणूंना तो आयता खाऊ आहे. फक्त क्लोरामाइन आधी निकामी करा.

मासे धापा टाकत असतील, कल्ले लालभडक दिसत असतील तर चाचणीच्या निकालाची वाट बघू नका. अमोनिया बांधणारं कंडिशनर पूर्ण टाकीच्या मात्रेत टाका, हवा वाढवा, खाणं बंद करा आणि मग आम्हाला फोन करा.

नमुना आणताना नळाचं आणि टाकीचं पाणी दोन वेगळ्या स्वच्छ बाटल्यांत, काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून आणा. साबणाने धुतलेली बाटली नको. नळ दोन मिनिटं वाहू द्या आणि मगच भरा. बाटलीवर भरल्याची वेळ लिहा आणि त्याच दिवशी आणा. पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि क्षारता आम्ही तुमच्यासमोरच तपासतो. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंचीही लिहून आणा, कारण कंडिशनरची मात्रा आम्ही त्यावरूनच काढून देतो.