एफआरपी उसाची, एमएसपी साखरेची

“साखरेची एमएसपी वाढली की आपला दर वाढलाच म्हणून समजा,” असं हंगामाच्या तोंडावर बांधाबांधावर बोललं जातं. तिकडे कारखान्याची माणसं सांगतात, एमएसपी वाढत नाही म्हणून एकरकमी एफआरपी देणं जमत नाही. एफआरपी म्हणजे उसाचा किमान दर, एमएसपी म्हणजे साखरेची किमान विक्री किंमत; दोन्हीकडे या दोन वेगळ्या किमतींची सरमिसळ झालेली असते. ऊस घालणाऱ्या प्रत्येकाला हा फरक पक्का ठाऊक हवा, कारण यातल्या एकीवर त्याचा कायदेशीर हक्क आहे, दुसरीवर नाही.

एफआरपी हा उसाचा रास्त आणि किफायतशीर दर. याच्या खाली कारखान्याला ऊस घेता येत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात पूर्वी किमान वैधानिक किंमत, म्हणजे एसएमपी होती; २००९ मध्ये तिच्या जागी एफआरपी आली. कृषी मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्र सरकार दर ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर, क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी आहे. पुढे उताऱ्यातल्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढीव.

साखरेची एमएसपी म्हणजे किमान विक्री किंमत. गहू, सोयाबीन, तुरीच्या हमीभावालाही एमएसपीच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. पण ही शेतकऱ्याच्या हातात पडणारी किंमत नव्हे. कारखान्याने आपली साखर याहून स्वस्त विकायची नाही, एवढंच ती सांगते. साखरेचे भाव कोसळले तेव्हा, जून २०१८ मध्ये, ती किलोला २९ रुपये ठरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाली आणि तिथेच वर्षानुवर्षं अडून राहिली. त्या हंगामात एफआरपी होती १० टक्के उताऱ्याला २७५ रुपये. उसाची किंमत चढत गेली, साखरेची जागेवर राहिली.

हे अंतर किती पडलंय ते एका टनावर बघू. कोल्हापूर भागातल्या एखाद्या कारखान्याचा उतारा १२ टक्के धरा. ३५५ मध्ये वरच्या १.७५ टक्क्यांचे ६०.५५ रुपये मिळवले की क्विंटलला ४१५.५५, म्हणजे टनाला साधारण ४१५५ रुपये एफआरपी झाली. त्याच टनातून साखर निघते १२० किलो. ३१ रुपयांनी तिचे होतात ३७२० रुपये. म्हणजे साखर किमान किमतीलाच गेली, तर नुसत्या उसाचेच पैसे सुटत नाहीत; पगार, दुरुस्ती, व्याज पुढेच राहिलं. बाजारात साखर बहुतेक वेळा ३१ च्या वर विकली जाते. शिवाय बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, वीज होते, मळीपासून इथेनॉल होतं. कारखाने तगतात ते यावर. तरीही किमान किमतीचा उसाच्या दराशी काही मेळ असायला हवा ही कारखानदारांची मागणी मला रास्त वाटते.

खरी अडचण वेळेची आहे. गाळप चार-पाच महिन्यांत उरकतं, साखर मात्र वर्षभर विकली जाते. दर महिन्याला किती विकायची तो कोटाही केंद्रच ठरवतं. मधल्या काळात कारखाना गोदामातली पोती बँकेकडे तारण ठेवून उचल घेतो आणि त्यातून ऊसबिलं काढतो. पोत्याचं मूल्यांकन कमी झालं की उचल कमी, आणि उचल कमी की बिलं लटकतात. एमएसपीचा आपल्या बिलाशी संबंध येतो तो इथे.

पण ही कारखान्याची अडचण झाली, सवलत नव्हे. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, थकवली तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली, असं त्याच ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. एमएसपी वाढली नाही म्हणून थांबा, असं त्यात कुठेही नाही. राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा देणारा निर्णय काढला, तो मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. शेतकरी संघटना यासाठी लढल्या, ते योग्यच केलं.

मग साखर महागली तर शेतकऱ्याला काहीच नाही का? आहे, पण वेगळ्या वाटेने. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्यानुसार साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा (नुसती साखर धरली तर ७५ टक्के) उसाचा असतो. हंगामाचा हिशेब झाल्यावर ही रक्कम एफआरपीपेक्षा जास्त भरली, तर फरक द्यावा लागतो. एमएसपी वाढून तुमचा दर वाढायचा असेल तर तो असा, हिशेबातून आणि उशिरा.

ऊसबिल हातात आलं की आधी तोडणी-वाहतुकीची कपात बघा. टनाला ४१५५ दिसले तरी खात्यात तेवढे येत नाहीत, कारण हा खर्च एफआरपीतूनच वळता होतो, आणि तोही संपूर्ण कारखान्याच्या सरासरीने. गेटजवळचा शेतकरी पन्नास किलोमीटरवरून येणाऱ्या उसाचं भाडं सोसतो, हा अन्याय आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. त्यानंतर बघायचा तो दर कुठल्या उताऱ्यावर धरलाय, आणि काटा पावतीवरच्या तारखेपासून पैसे जमा व्हायला किती दिवस लागले. चौदाच्या वर गेले असतील तर व्याजाची मागणी लेखी करा, आणि एक प्रत पुण्याला साखर आयुक्तांकडे पाठवा.