क्लासिक बाइक ‘साधी’ असते का?

‘चोर्ला घाटात बंद पडली तरी क्लासिक बाइक कुठलाही मेकॅनिक कार्ब्युरेटर साफ करून चालू करतो, मॉडर्नला मात्र कॉम्प्युटर लागतो,’ हा सल्ला गोव्यात गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मिळतोच. जुन्या गाड्यांपुरता तो खराही होता.

पण १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. तेव्हापासून साडेतीनशे सीसीच्या गोल हेडलाइटवाल्या, क्रोमच्या गाडीतही कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा), सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, असतात. म्हणजे फरक बराचसा दिसण्यात, वजनात आणि बसण्याच्या ढबीत.

शोरूममध्ये स्वतःच बघा. किल्ली फिरवा, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) चालू ठेवा, स्टार्टर दाबू नका. टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक ‘घूंऽऽ’ ऐकू येईल: तो इंधनपंप. मीटरवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तो सेन्सरवाल्या यंत्रणेचा.

आणखी एक. मागच्या चाकाच्या डिस्कजवळ खाचांची छोटी कडी आहे का, ते वाकून बघा. नसेल तर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बहुधा पुढच्याच चाकाला. आपल्याकडच्या जून-जुलैच्या निसरड्या रस्त्यांवर, मला विचाराल तर, टाकीच्या आकारापेक्षा ही कडी जास्त महत्त्वाची.