दगड मिळाला, पण कुठल्या खोलीचा?

घोडबंदर रोडला मेट्रोसाठी जमिनीची तपासणी चालली होती, तेव्हा रस्त्याकडेला लाकडी पेट्या दिसायच्या. आत काळ्या दगडाच्या कांड्या, उसाच्या कांडक्यांसारख्या ओळीनं मांडलेल्या. तेलासाठी समुद्राखालूनही अशाच कांड्या काढतात, हे ऐकून शेजारचे काका म्हणाले, "समुद्रात कशाला हवा हा खटाटोप? खाली तेलाचं तळंच असणार!"

तळं नसतं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय'मध्ये १९७४ साली तेल सापडलं ते चुनखडीच्या बारीक छिद्रांत. ती छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का, हे दगड हातात आल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून मधे पोकळ असलेल्या बिटानं, म्हणजे ड्रिलच्या कापणाऱ्या टोकानं, दगडाचा दंडगोल कापून वर आणतात. तो कोअर. त्यावर लगेच दोन रेघा मारतात. दगड सुलट धरला की लाल उजवीकडे, काळी डावीकडे. तुकडा उलटा ठेवला गेला तर रेघा चुगली करतात.

खरी मजा पुढे आहे. ड्रिलर, म्हणजे विहीर खोदणारा, खोली मोजतो ती आत सोडलेले पाइप मोजून. नंतर विहिरीत उपकरणं सोडतात ती केबलनं. तिथं खोली केबलच्या लांबीवरून. पाइप स्वतःच्या वजनानं ताणला जातो, केबलही ताणली जाते, पण दोन्ही सारखे नाहीत. त्यात नऊ मीटर कापून सातच मीटर कोअर हाती आला, तर हरवलेले दोन मीटर कुठले? रिवाजानं ते तळाचे धरतात. हा नुसता रिवाज!

तोड म्हणजे गॅमा किरण. शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या खडकात, किरणोत्सारी पोटॅशियम, थोरियम जास्त, म्हणून तिथं गॅमा वाढतो. स्वच्छ चुनखडीत उतरतो. विहिरीतला आलेख आणि कोअर पट्ट्यावरून गॅमा मोजणाऱ्या यंत्राजवळून सरकवत काढलेला आलेख शेजारी ठेवायचे आणि शिंपी काठ जुळवतो तसे शिखराला शिखर लावत सरकवायचे. तीन मीटर चुकले, तर शेलची सच्छिद्रता चुनखडीच्या नावावर जमा.

आमच्या सोसायटीत बोअरवेलसाठी आलेल्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, आणि त्यानं खोली फुटात सांगितली. नारळाला ही दुरुस्ती लागत नाही.

देशातल्या तेलविहिरींची माहिती केंद्र सरकारच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या नॅशनल डेटा रिपॉझिटरीत २०१७ पासून एकत्र ठेवली जाते. कोअरचे आकडे कुठूनही मिळाले, तरी विहिरीचं नाव आणि खोली यांच्या जोडीला एक विचारून घ्या: ही खोली ड्रिलरची, की जुळवून घेतलेली?