एमएमआर लस आणि ऑटिझम : हा वाद आला कुठून आणि पुरावा नेमका काय सांगतो

फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड हा ब्रिटिश डॉक्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधला. फक्त १२ मुलं. पोटाचा त्रास, बोलणं-वागणं मागे गेलेलं, आणि त्यातल्या ८ जणांच्या बाबतीत त्रासाची सुरुवात एमएमआरशी, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लशीशी जोडली गेली होती. तुलनेला दुसरी मुलं नव्हतीच. लस आणि ऑटिझम (स्वमग्नता) यांचा संबंध सिद्ध झालेला नाही हे निबंधातच लिहिलेलं होतं, पण पत्रकार परिषदेत वेकफिल्डने तिन्ही लशी सुट्या द्याव्यात असं सांगितलं आणि बातमी तीच झाली.

आईवडिलांना ते पटलं, आणि मला त्यात त्यांचा दोष वाटत नाही. एमएमआरचा पहिला डोस तिकडे वर्षाच्या आसपास देतात आणि ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या नजरेत यायला लागतात तीही साधारण दुसऱ्या वर्षातच, मग कुणालाही वाटणारच की आधी लस झाली आणि मग हे झालं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, म्हणजे नेमका त्याच वयात. एका घरात बसून हा योगायोग की कारण हे कळूच शकत नाही, त्यासाठी लस घेतलेली आणि न घेतलेली अशी दोन्हीकडची खूप मुलं लागतात.

ती डेन्मार्कमध्ये मिळाली, कारण तिथे प्रत्येक माणसाला एक नंबर असतो आणि लसीकरण, आजार, निदान सगळं त्या नंबरवर जोडता येतं. २००२ मध्ये ५,३७,३०३ मुलांची नोंद तपासली, लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही. २०१९ मध्ये परत, आता ६,५७,४६१ मुलं, आणि या वेळी ज्यांच्या भावंडांना ऑटिझम आहे अशी मुलं वेगळी काढूनही बघितली, कारण कुणी म्हणेल की सगळ्यांना नाही पण आधीच धोका असलेल्यांना होत असेल. त्यांच्यातही काही फरक नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जपानचा भाग. तिथे १९९३ मध्ये एमएमआर बंदच केली, आणि ती अफवेमुळे नाही, खऱ्या दोषामुळे! त्या लशीतला गालगुंडाच्या विषाणूचा उराबे नावाचा स्ट्रेन (उपप्रकार) काही मुलांमध्ये मेंदूच्या आवरणाला सूज आणत होता, ब्रिटननेही १९९२ मध्ये त्या स्ट्रेनच्या लशी मागे घेतल्या होत्या. म्हणजे याच लशीत खोट होती तेव्हा ती सापडली, मान्य झाली आणि लस थांबली. मग योकोहामातल्या मुलांचा अभ्यास २००५ मध्ये आला, त्यात दिसलं की एमएमआर बंद झाल्यावर जन्मलेल्या मुलांमध्येही ऑटिझमची निदानं वाढतच गेली. लस कारण असती तर लस गेल्यावर आकडा खाली यायला हवा होता ना.

ब्रिटनमध्ये पत्रकार ब्रायन डिअरने २००४ पासून एकेक गोष्ट बाहेर काढली, लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते (४ लाख पौंडांच्या वर), त्याने स्वतःच्या वेगळ्या गोवर लशीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि काही मुलांच्या वाढीबद्दल लशीच्या आधीच शंका नोंदवलेली होती. लॅन्सेटने निबंध मागे घेतला २०१० मध्ये, त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. मधली १२ वर्षं मात्र गेली ती गेलीच, इंग्लंडमध्ये लसीकरण ८० टक्क्यांपर्यंत घसरलं आणि २०१२-१३ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी भागात गोवरचे हजारावर रुग्ण झाले, त्यात बरेचसे त्याच घाबरलेल्या काळात लस चुकलेली, आता मोठी झालेली मुलं.

एमएमआरचे खरे दुष्परिणामही याच पद्धतीने मोजलेले आहेत. ताप, पुरळ हे नेहमीचं, तापामुळे झटका साधारण ३ ते ४ हजार डोसांमागे एकाला, प्लेटलेट्स तात्पुरत्या कमी होणं त्याहून बरंच दुर्मिळ. हे लपवून "लस एकदम सेफ" एवढंच सांगितलं की आईवडिलांचा विश्वास उडतो, डॉक्टरांनी हे आकडे आधीच सांगावेत असं मला मनापासून वाटतं.

आणि दुष्परिणामांवर नजर ठेवणारी यंत्रणा किती बारीक पकडते ते बघायचं तर अमेरिकेतली रोटाशिल्ड ही रोटाव्हायरसची (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूची) लस बघा. १९९८ मध्ये परवानगी, पुढच्याच वर्षी आतड्यात आतडं शिरून अडकल्याच्या १५ तक्रारी नोंद यंत्रणेत आल्या, जुलैमध्ये लस थांबवली, ऑक्टोबरमध्ये बाजारातून काढली. धोका निघाला साधारण १०,००० बाळांमागे एक. त्यानंतर आलेल्या रोटाव्हायरस लशींच्या चाचण्या ६०-६० हजारांहून जास्त बाळांवर घ्याव्या लागल्या, मुद्दाम हाच एक दुष्परिणाम शोधायला.